फेट्याचं टोक

"म्हणजे उस्ताद, तुम्हाला भीती वाटलीच नाही?"

विचारणारा यशराज. उद्या फौजेत रुजू व्हायला निघणार होता. भरतीच्या पळण्यात तालुक्यात पहिला आला होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

सुभेदार सर्जेराव आपल्या ओसरीवर खाटेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, छातीवर शौर्यपदक. गावातल्या पोरांना भरतीसाठी तेच पळवायचे. म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. आज शाळेच्या पटांगणात दोघांचा सत्कार होता.

"वाटली की. म्हणून तर पळालो."

"शत्रूवर."

"नाही रे. घराकडं."

यशराज हसला. सुभेदार हसले नाहीत.

"पहाटेचं धुकं होतं. दिशा चुकली. पळत सुटलो तो टेकडी चढून थेट त्यांच्या चौकीत."

"…आणि चौकी घेतली?"

"मागनं तुकडीतली सहा पोरं आली ना. त्यांना वाटलं, मी हल्ला करतोय."

"मग ती पोरं…"

"दोघं परत आली."

यशराजनं शेजारची फेट्याची घडी उचलली.

मग म्हणाला, "माझी दिशा नाही चुकायची. मी कायम सगळ्यांच्या पुढं असणार. बघाच तुम्ही."

"बरं. फेटा बांध."

नऊ मीटरचा केशरी फेटा. यशराजनं मागचं टोक सुभेदारांच्या हातात दिलं आणि भराभरा डोक्याला वेढे घेतले. टोक खोचायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात स्पीकरवर नाव पुकारलं. यशराजचं.

तो निघाला. ताठ मानेनं, झपाझप. घर, गल्ली, शाळेचं फाटक. लोक उठून उभे राहिले. तो आणखी ताठ झाला.

स्टेजच्या पायरीशी डोकं हलकं वाटलं. हात लावला. फेटा नव्हता.

तो वळला.

सगळा फेटा त्याच्या मागं लांबवर उलगडला होता. पार टोकाला काठी टेकत सुभेदार येत होते, एका हातात टोक धरून. आणि मधे गावातली पाच-सहा माणसं ते कापड दोन्ही हातांवर झेलून, चपला काढून, गंभीर चेहऱ्यानं चालत होती. त्यांना वाटलं, फौजेतली रीत असेल.

"उस्ताद, सोडायचं होतं ना हातातलं!"

सुभेदार त्याच्यापर्यंत पोचले. धाप लागली होती. त्यांनी त्या माणसांकडं एकेक करून पाहिलं…

"तू पायरीशीच वळलास," ते म्हणाले. "मी टेकडीवर पोचल्यावर वळलो."