वीतभर वाळू

“पण मी त्यात खोटं काय बोललो, बुवा?”

सोमगिरीबुवा मठाच्या ओसरीवर काथ्याची दोरी वळत बसले होते. समोर खाडी. ओहोटी लागलेली. बुवांनी मान वर केली नाही.

विश्राम कांदळगावकरांना उत्तर न मिळण्याची सवय नव्हती. उभी हयात शाळेत गेलेली, त्यातली अर्धी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. आपल्या सदऱ्यावर कधी डाग पडला नाही आणि जिभेवरही नाही, असं ते स्वतःच सांगत. गावही ते मान्य करी. गुरुजींसमोर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

“मंदाला मी सांगितलं ते खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं...”

“हं,” बुवा म्हणाले आणि दोरीला पीळ दिला.

ते खरं असं होतं. विश्रामचा धाकटा भाऊ जयवंत आणि त्याचा जिवाभावाचा मित्र पुंडलिक यांची भागीदारीतली होडी एकदा खाडीच्या तोंडाशी उलटली. जयवंत वाचला, पुंडलिक गेला. लाटेनं घात केला असं सगळ्यांनी धरलं. पण त्याच संध्याकाळी जयवंत थोरल्या भावाच्या दारात येऊन बसला. तोंडाला दारूचा वास होता. सुकाणू माझ्या हातात होतं, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. त्यानंतर त्यानं दारूला स्पर्श केला नाही. पुढं पुंडलिकाच्या बायकोशी, मंदाशी त्यानं लग्न केलं आणि तिच्या तान्ह्या मुलाला आपलं नाव दिलं.

विश्राम गप्प राहिले. वर्षानुवर्षं गप्प राहिले.

मग तो मुलगा बोटीवर अधिकारी झाला. गावानं देवळापुढं मांडव घालून जयवंतला शाल-श्रीफळ दिलं. बाप असावा तर असा, असं एकेक जण उठून बोलला. विश्राम खुर्चीवर ताठ बसून ऐकत होते. गावात इतकी वर्षं खऱ्यानं वागलेला माणूस कोण, हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जयवंत बाजाराला गेल्याचं पाहून ते मंदाच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिला सगळं सांगितलं. तुला कळायला हवं, तुझा तो हक्क आहे, असं म्हणाले. ती नारळ खवत होती. तिनं काही विचारलं नाही. तिचा हातही थांबला नाही, नारळ संपून करवंटीचा चुरा पडायला लागला तरी.

तिसऱ्या दिवशी जयवंतचं प्रेत खाडीकाठच्या कांदळवनात सापडलं. मुळांत अडकलेलं.

“तिला अंधारात ठेवायला हवं होतं का? सांगा ना...”

बुवांनी दोरीचं टोक दातांत धरून गाठ मारली. मग खाडीकडे बोट केलं.

“त्यातलं एवढंसं इथं आण. आणि जगव.”

विश्रामना हा आपला अपमान वाटला. पण दुसरीकडे जायला जागा नव्हती. गावात लोक अजूनही नमस्कार करत, फक्त थांबत नसत.

त्यांनी तालुक्याहून काचेची मोठी पेटी आणून मठाच्या ओसरीवर ठेवली. हवा सोडणारा छोटा पंप आणला. माशांच्या दुकानदारानं वाळू दोन बोटं पुरे म्हणून सांगितलं होतं. बुवांनी पेटीत हात घालून अंगठा आणि करंगळी ताणली.

“वीतभर.”

“एवढी कशाला?”

बुवा उठून आत गेले.

ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून विश्रामनी वाळू उपसली. भरतीचं निवळ पाणी आणून ओतलं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली गवत उगवतं, जमिनीवरच्यासारखंच, मुळं धरून. त्याचे गड्डे मातीसकट उचलून त्यांनी वाळूत लावले. मग गोगलगायी, काचेसारखे पारदर्शक झिंगे आणि बोटाएवढे मासे सोडले.

आधी सगळं बिघडलं. पाणी दुधासारखं झालं. काचेवर तपकिरी साय चढली. दोन-चार झिंगे मेले. विश्राम हट्टी होते. पाणी उन्हानं उडून जाई, मीठ मागं राही, म्हणून ते रोज विहिरीचं गोडं पाणी तेवढंच भरत. हळूहळू पाणी निवळलं. गवतानं नवी पानं काढली. वाळूत कुठून आले कळलं नाही, पण केसासारखे बारीक किडे फिरायला लागले. माशांनी गवताच्या बुडाशी बिळं केली.

मठात येणारी माणसं पेटीसमोर बसू लागली. गुरुजींनी काय जगवलंय पाहा, म्हणू लागली. विश्रामच्या पाठीचा कणा पुन्हा सरळ झाला.

त्या दिवसांत मंदाचा निरोप आला. एकदा येऊन जा, भाऊजी. मुलगा बोटीवर परत गेला होता, घरात ती एकटीच होती. काही दिवसांनी पुन्हा तोच निरोप आला. दोन्ही वेळा विश्राम निरोप्याला म्हणाले, येईन, जरा मन शुद्ध होऊ दे. तिला काय विचारायचं असेल, याचा ते दिवसभर विचार करत. आणि पेटीची काच पुसत.

काच पुसतानाच त्यांना ते दिसलं. वाळूच्या तळाशी काळं पडत होतं. आधी रेघ होती, मग पट्टा झाला. वर सोनेरी वाळू, हिरवं गवत, आणि खाली डांबरासारखा काळा थर.

“बुवा, तळाला घाण साचतेय.”

“दिसतंय मला.”

“काढू का?”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोरी वळायला घेतली.

एके दिवशी दर्शनाला आलेली एक बाई पेटीत वाकली आणि, अगोबाई, खाली सगळं कुजलंय की, असं सहज म्हणाली. विश्रामना ती रात्र जड गेली.

सकाळी बुवा खाडीवर गेल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. कोपरापर्यंत हात पेटीत घातला आणि वाळू तळापासून उपसायला सुरुवात केली.

काळे ढग उठले. मोठेमोठे बुडबुडे फुटले आणि सडक्या अंड्याचा वास ओसरीभर पसरला. घाण निघतेय, असं विश्रामना वाटलं. ते आणखी खोल गेले. गवत मुळांसकट वर आलं. मुळं पांढरीशुभ्र होती, त्या काळ्यातच वाढलेली, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मासे वर येऊन तोंडं उघडू मिटू लागले. एक झिंगा उडी मारून ओसरीवर पडला. त्यांनी तो उचलून परत पाण्यात टाकला आणि पुन्हा हात घातला.

बुवा परतले तेव्हा पाणी शांत झालं होतं. त्यावर मासे तरंगत होते, पांढरं पोट वर करून. गोगलगायी शंखांतून बाहेर लोंबत होत्या. विश्राम पेटीशेजारी भिजलेल्या अंगानं बसले होते. त्यांच्या बोटातली चांदीची अंगठी काळी पडली होती.

“मी फक्त साफ करत होतो,” ते म्हणाले.

बुवा खाली बसले.

“कुणासाठी?”

“पाण्यासाठी. या... माशांसाठी.”

“पाणी साफ होतं.”

मंदाला सांगून घरी आल्यावर त्या रात्री विश्रामना कित्येक वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली होती. सकाळी उठून त्यांनी दोनदा चहा घेतला होता. ते त्यांना आत्ता आठवलं.

खाडीवरून वारा आला. वास हलला नाही.

“म्हणजे मी सांगायला नको होतं,” विश्राम म्हणाले.

“असं मी म्हटलं?”

“मग सांगायला हवं होतं?”

“असंही नाही म्हटलं.”

“मग काय, बुवा...” गुरुजींचा आवाज फुटला. शाळेतल्या एकाही पोरानं तो आवाज कधी ऐकला नव्हता. “माझा भाऊ मुळांत अडकला होता. त्याचा हात सोडवायला मला कोयता मारावा लागला मुळांवर. मी काय करायला हवं होतं?”

एक मेलेला मासा काचेला येऊन टेकला, तो बुवांनी बोटानं अलगद बाजूला केला.

मग त्यांनी हात पेटीत घातला. खोल, अगदी तळापर्यंत. मूठ भरून वर काढली. काळी, तेलकट, दुर्गंधीनं भरलेली वाळू त्यांनी विश्रामच्या उजव्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

विश्राम तसेच बसले. वाळूचं काळं पाणी बोटांच्या फटींतून मनगटावर ओघळलं, तिथून सदऱ्याच्या बाहीवर. थोड्या वेळानं ते उठले आणि ओसरीच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्याकडे वळले.

बुवांनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“मंदाकडे जा,” ते म्हणाले. “हात न धुता.”