खिंडोबाचे दगड

राजाची गोष्ट काल झाली, आज कुंभारणीची. पाय पोटाशी घ्या अन् ऐका.

एक होती ठकू कुंभारीण. तिची दोन लेकरं, एक गाढव अन् एक चाक. मडकी करावीत तर ठकूनंच. पण बाजार खिंडीपलीकडं, अन् खिंडीतली वाट म्हणजे नुसते खड्डे, बरं का. पहिल्या बाजाराला गाढव अडखळलं, निम्मी मडकी फुटली. दुसऱ्या बाजाराला पडलंच, मग काय, सगळी फुटली. लेकरं नुसती पेज पिऊन निजली. मग संक्रांत आली. ठकूनं उरलीसुरली माती मळून सुगडं केली. ही फुटली तर घरात दाणा यायचा नव्हता.

आता त्या खिंडीत होता खिंडोबा. जाणारा-येणारा त्याच्यापुढं एक दगड ठेवायचा, म्हणायचा, “देवा, वाट सुखाची कर.” आजे-पणजे ठेवत आले. ढीग चढत चढत देवाच्या हनुवटीला टेकला.

ठकूनंही दगड उचलला. तोच देव बोलला, “ठके, पुरे गं बाई. श्वास कोंडला माझा. मागता वाट, अन् वाटेला लागणारे दगड मलाच आणून देता. मी काय त्यांची भाजी करू?”

ठकू दोन पावलं मागं सरली. पण बाई शहाणी. तिनं देवापुढचे दगड काढून खड्ड्यांत भरायला घेतले. बाजाराला निघालेली माणसं मागं थबकली.

“अगं, देवाचे दगड पायाखाली? कोप होईल,” माणसं म्हणाली.

“झाला तर माझ्यावर होऊ दे,” म्हणाली ठकू, अन् तिनं गाढव हाकलं.

पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर गाढव थांबलं, कान हलवले, अन् गेलं की पुढं. एकही सुगड फुटलं नाही. हुश्श. ठकू मटकन खाली बसली अन् रडली, आनंदानं हो.

मग त्या थबकलेल्या माणसांतली सगळ्यात जख्ख म्हातारी वाकली. तिनं देवापुढचा एक दगड उचलला अन् पुढच्या खड्ड्यात टाकला. मग कोण मागं राहतंय? महिन्याभरात खिंडीतून बैलगाड्या धावल्या. पलीकडचे व्यापारी इकडं येऊ लागले, अन् मग खिंडोबापुढच्या मोकळ्या जागेतच बाजार भरू लागला.

तिथं अजून माणसं देवाला हात जोडतात, अन् दगड मात्र वाटेला देतात. ठकूची लेकरं भाकरी खाऊन, पोट भरून निजली. तुमचीही पोटं भरलीत. मिटा डोळे.