जरठ कोणाला म्हणायचं?

एका संस्थानात त्र्यंबकराव नावाचे नवे दिवाण आले. पोथीतला शब्द वापरल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. आल्या आल्या त्यांनी भर दरबारात हुकूम वाचला, "चाकरीतल्या सर्व जरठांनी दसऱ्यापासून घरी बसावे."

दवंडी पिटणारा सटवाजी हलगी घेऊन तिथेच उभा होता. हा शब्द त्याने कीर्तनात ऐकला होता, आणि त्याच्या डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता. आपलीच हकालपट्टी आपणच गावभर ओरडायची! त्याने हलगीचा पट्टा खांद्यावर सावरला. राहवेना, तेव्हा तो हात जोडून पुढे झाला.

"दिवाणसाहेब, लोक अर्थ विचारतील."

"जरठ म्हणजे पार पिकलेला म्हातारा. एवढंही कळत नाही?"

"कळलं जी. पण दवंडीचा रिवाज आहे. शब्द अवघड असला, की सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाचा दाखला द्यायचा. दरबारातलं एक नाव सांगा, तेच पुकारतो."

दिवाणांनी ऐटीत मान वळवली. समोर पांढऱ्या मिशांचे महाराज होते, शेजारी बोळक्या तोंडाचे राजगुरू, पलीकडे काठी टेकून बसलेले महाराजांचे चुलते. तिघेही त्यांच्याकडेच बघत होते.

दिवाणांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "तसं... इथे कुणी नाही."

सटवाजीने महाराजांना मुजरा केला. "सरकार, जो शब्द इथे कुणालाच लागू पडत नाही, तो मी गावात कुणाला लावू?"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला, हुकमाचा कागद मागून घेतला आणि घडी घालून तक्क्याखाली सारला. तो पुन्हा काही बाहेर निघाला नाही.