व्यंकोजीरावांच्या जीपची किल्ली

दसरा दोन दिवसांवर आला आणि व्यंकोजीराव सरकारांच्या जीपची किल्ली नदीत पडली!

किल्ली एकच होती. जोडीची दुसरी केव्हाच हरवलेली. जीप सरकारांच्या आजोबांची. सत्तर वर्षांची म्हातारी, पण अजून धापा न टाकता डोंगर चढायची. संस्थानं गेली, तरी कुंभगडात दसऱ्याच्या शिलंगणाला सरकार निघायचे ते त्याच जीपमधून. ड्रायव्हर दौलूमामा तिला धुवायला नदीवर घेऊन गेले, बादली भरायला वाकले, आणि वरच्या खिशातली किल्ली डुबुक्कन पाण्यात! शेवटी बैल जुंपून जीप राजवाड्यावर ओढत आणावी लागली.

शहरातून एक कारागीर आला. म्हणाला, "कुलूप काढून घेऊ."

"आजोबांनी बसवलेलं कुलूप काढणार? चालता हो!"

दुसरा म्हणाला, "तारा जोडून सुरू करतो."

"माझ्याच गाडीत मी चोरासारखा बसू? तूही चालता हो!"

आणि उरलेला सगळा राग दौलूमामांवर. "दौलू, शिलंगणाला जीप निघाली नाही, तर तुझी नोकरी गेली. आवारातली खोलीसुद्धा रिकामी कर!"

बत्तीस वर्षांची नोकरी! दौलूमामा तडक एस.टी. स्टँडसमोर जैनब शिकलगारच्या दुकानात आले आणि मटकन बाकावर बसले. तिच्या अब्बांची नजर अधू झाल्यापासून कुलपं-किल्ल्यांचं ते दुकान जैनबच चालवायची. अब्बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी धो धो पावसात त्यांना मिरजेला पोचवणारे दौलूमामाच होते. ते ती विसरली नव्हती. सगळी हकीकत ऐकून तिनं कानस, पितळेची एक कोरी पट्टी आणि रॉकेलची चिमणी पिशवीत टाकली.

"उठा मामा. तोंड पाडून बसल्यानं किल्ली मिळते होय?"

राजवाड्याच्या अंगणात जीप उभी होती आणि जीपशेजारी सरकार. मिशा जीपपेक्षा रुबाबदार.

"तू किल्ली करणार?" सरकारांनी तिला वरून खाली पाहिलं. "मग अटी ऐक. जुनी किल्ली नाही, म्हणजे नमुना मिळणार नाही. कुलूप काढायचं नाही. आणि किल्ली होईपर्यंत माझ्या जीपला परक्याचा हात लागायचा नाही. तुझा नाही, या दौलूचा तर नाहीच नाही!"

जमलेली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. दौलूमामांनी डोळे मिटले. कुलपात पट्टी घातल्याशिवाय किल्ली करायची कशी?  जैनबनं मात्र विचारलं, "सरकार, हात कुणाचाच चालणार नाही?"

"आमच्या घराण्याखेरीज कुणाचाही नाही!"

"नक्की?"

"व्यंकोजीरावाचा शब्द आहे!"

"मग झालं तर!" जैनब दहा पावलं मागे सरकली आणि ऐसपैस मांडी घालून बसली. चिमणी पेटवली, पितळी पट्टी तिच्या ज्योतीवर धरून काजळीनं काळी केली, आणि गार झाल्यावर सरकारांपुढे धरली. "घ्या सरकार. घराण्याचा हात तेवढा एकच इथं हजर आहे. पट्टी कुलपात घाला, हलकेच पिळा आणि सरळ बाहेर काढा."

"मी?"

"शब्द आपलाच आहे!"

लोक हसू दाबू लागले. सरकारांच्या मिशा थरथरल्या, पण शब्द दिला होता! पट्टी आत गेली, बाहेर आली. काजळीवर बारीक चकचकीत ठिपके उमटले होते.

"हे बघा, कुलूप बोलायला लागलं," जैनब म्हणाली. "जिथं काजळी पुसली, तिथं पितळ अडतंय. तेवढंच घासायचं." तिनं दोनदा कानस फिरवली, पट्टी पुन्हा काळी केली. "हं, आता परत!"

सरकार जीपकडून जैनबकडे, जैनबकडून जीपकडे. पाच खेपा झाल्या, दहा झाल्या.

"सरकार, जोरात नाही! कुलूप आहे, पैलवान नाही."

"बरं, बरं!"

"आणि बोटं पुसू नका, काजळी जाते."

"मिशीला खाज सुटली गं!"

"सोसा थोडी!"

सरकारांना ते सोसवलं नाही. बोटं मिशीला लागली आणि पांढऱ्या मिशा काळ्याभोर झाल्या. दौलूमामांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

अठराव्या खेपेला जैनबनं पट्टी उजेडात धरून पाहिली, फुंकर मारली आणि म्हणाली, "आता बेधडक फिरवा!"

सरकारांनी किल्ली फिरवली. खट्! दिवा लागला. त्यांनी स्टार्टर दाबला. म्हातारी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि अशी गरजली, की छपरावरची कबुतरं उडाली!

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. सरकारांचा चेहरा उजळला, पण हट्ट इतक्या सहजी सुटतो होय? काळी बोटं नाचवत ते म्हणाले, "थांबा! पट्टी मी घातली, मी पिळली, मीच काढली. म्हणजे किल्ली मीच केली! मग तुला बक्षीस कशाचं द्यायचं?"

जैनबनं कानस शांतपणे पिशवीत ठेवली.

"अगदी बरोबर, सरकार. बक्षीस नकोच. पण आज आपण माझ्या हाताखाली किल्ली करायला शिकलात. बक्षीस राहू दे, आता उस्तादाची गुरुदक्षिणा काढा!"

 सरकार असे खदाखदा हसले, की जीपचा आवाज त्यात बुडाला.

"माग, उस्ताद! काय हवं?"

"दौलूमामांची नोकरी आणि त्यांची खोली."

"दिली! आणि या किल्लीची जोडी करून तुझ्याच दुकानात ठेव. राजवाड्याची सगळी कुलपं आजपासून तुझ्याकडे!" सरकारांनी जीप बंद करून किल्ली दौलूमामांच्या तळहातावर ठेवली. "चल दौलू, बस गाडीत! आधी उस्तादांना दुकानावर पोचवू. मी मागे बसतो, पुढची जागा त्यांची!"