गढूळ पाणी

फार जुनी गोष्ट. एका मातीच्या धरणाखाली टिटवी राहायची. तिथे थोडं नितळ पाणी नेहमीच झिरपायचं. एके दिवशी ते गढूळ आलं. धरणाची माती वाहून चालली होती.

धरणातच घुशीचं बीळ होतं. टिटवी तिच्याकडे धावली. "घूसबाई, बीळ बुजवा. धरण पोखरलंय."

"पणजीच्या वेळचं घर आहे हे. आजवर काही झालं का?"

"एकदा मागची भिंत तरी बघून या."

घूस आत गेली. परतली ती चिंब भिजून, तोंडात पिल्लू धरून. "अजून चार आत आहेत," ती धापा टाकत म्हणाली, "त्यांना बाहेर काढते, तोवर तू माती आण."

संध्याकाळपर्यंत दोघींनी बीळ ठासून बुजवलं. धरण वाचलं. घूस पिल्लांना घेऊन माळावर राहायला गेली, पण पाऊस लागला की धरणावर चक्कर मारल्याशिवाय तिला घास गिळवायचा नाही.