तांबटाच्या कानातला हंडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा जनावरं माणसांशी बोलायची आणि माणसंही शहाण्यासारखी ऐकून घ्यायची.

तेव्हा डोंगराखालच्या एका गावात एक तांबट राहत होता. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे आणि घंगाळं करायची, हे त्याचं काम. घरात बायको होती, एकुलती एक लेक होती. लेक भारी बोलकी. सकाळी अंगण झाडायला घेतलं की जी सुरू व्हायची, ती दिवेलागणीलाच थांबायची.

त्या गावची एक रीत होती. लेक सासरी निघाली की बापाने स्वतःच्या हाताने घडवलेला हंडा तिला द्यायचा आणि निघताना त्यावर एक टिचकी मारायची. तो नाद लेक कानात साठवून न्यायची. पुढे सासरी पाणी भरताना हंडा वाजला, की तिला माहेर भेटायचं.

तांबटाच्या लेकीचं लग्न ठरलं, सव्वा महिन्यावर आलं. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या कानात काहीतरी वाजायला लागलं. टिंऽऽऽ! बारीक, एकसुरी, न थांबणारं.

आता तांबट माणूस, त्याला काय वाटणार? कुठलं तरी भांडं वाजतंय, असंच वाटलं. वाजणाऱ्या भांड्यावर तळहात ठेवला की ते गप्प होतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. उठला, आणि घरातल्या एकेका भांड्यावर हात ठेवत सुटला. नाद थांबेना. मग शेजारणीच्या चुलीवरच्या तपेल्यावर हात ठेवायला गेला आणि चांगला भाजून घेतला. शेजारीण हसून हसून बेजार झाली. त्याला मात्र हसू आलं नाही.

मग तो चिडला. गाईच्या गळ्यातली घंटा काढली. बायकोला म्हणाला, "भांडी आपटू नकोस." आणि लेकीला म्हणाला, "तू जरा तोंड बंद ठेव, बये. तुझ्या बडबडीपायी हे थांबत नाही."

लेक गप्प झाली. महिनाभर त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. हातोडाही कोपऱ्यात पडून राहिला. टिचकी मारून हंड्याचा कस पाहायचा, तर हंड्याचा नाद कुठे संपला आणि कानातला कुठे सुरू झाला, तेच तांबटाला कळत नव्हतं. लग्न आठ दिवसांवर आलं तरी हंड्याचा पत्ता नव्हता.

"अहो, हंड्याचं काय?" बायकोने विचारलं.

"आधी मला शांतता मिळू दे, मग हंडा," असं म्हणून तो तडक डोंगरातल्या गुहेकडे निघाला.

गुहेत ना वारा, ना पाखरू. तांबट बसला. आणि काय सांगू! तो नाद असा उसळला, की जणू डोक्यात दहा तांबट ठोकायला बसलेत. तो ताडकन उठला. "कोण चिरकतंय ते? गप बस!"

छताला लटकलेलं एक म्हातारं वटवाघूळ एक डोळा उघडून म्हणालं, "तूच ओरडतोयस, बाबा. इथे दुसरं कुणी नाही."

"तो टिंऽऽऽ आवाज! तुला ऐकू येत नाही?"

वटवाघळाने कान ताठ केले. "हे बघ, पतंगाचा पंख हलला तरी मला कळतं. त्यावरच माझं पोट चालतं. तू म्हणतोस तसला आवाज या गुहेत नाही. तो तुझ्या कानातला आहे. तूच घेऊन आलास."

तांबट मटकन खाली बसला. "मग तो थांबणार कधी?"

"ते मला नाही माहीत. कदाचित नाहीच थांबणार. पण इथे तुला ऐकायला दुसरं काही नाही, म्हणून तू त्यालाच ऐकत बसलायस. घरी कुणी बोलणारं नाही का तुला?"

तांबटाच्या डोळ्यांसमोर लेकीचा चेहरा आला. तिचा माहेरचा शेवटचा महिना, आणि तो आपण मुका करून टाकला! त्याला रडूच कोसळलं.

तो धावतच खाली निघाला. वाटेत ओढा लागला. खळखळाटाजवळ येताच तो थबकला. टिंऽऽऽ होतंच, पण पाण्याच्या आवाजात मिसळून लहान झालं होतं.

घरी येऊन त्याने गाईची घंटा परत बांधली, हातोडा घेतला आणि लेकीला समोर बसवलं. "चुकलो मी, बये. बोल आता."

"काय बोलू, आबा?"

"महिन्याभराचं साठलं असेल ते सगळं बोल."

लेक आधी रुसून बसली. मग तिने शेजारणीच्या तपेल्याची गोष्ट काढली, आणि तिघंही पोट धरधरून हसली. पुढचे सात दिवस ती बोलत होती आणि तांबट ठोकत होता.

हंडा झाला. त्याने टिचकी मारली, आणि मग हंड्यावर तळहात ठेवला. एक नाद थांबला, एक राहिला. पुन्हा टिचकी, पुन्हा हात.

"थांबला तो हंड्याचा," तो म्हणाला. "राहिला तो माझा." तेवढ्यावरून त्याला हंड्याचा कस कळला. हंडा खणखणीत होता.

निघताना लेकीने ती टिचकी डोळे मिटून ऐकली आणि ती सासरी गेली. घर शांत झालं, तांबटाने मागितलं होतं तस्संच. दुसऱ्या दिवशी तो अंगणात नुसता बसून होता.

"आज जास्त वाजतंय का हो?" बायकोने विचारलं.

"वाजतंय. वाजू दे. ते आता जन्मभर आहे," तांबट म्हणाला. "पोरीची बडबड मात्र सातच दिवस मिळाली मला. अख्खा महिना होता गं माझ्या हातात."

बायको आत गेली, आणि मुद्दामच जरा भांडी आपटत बसली.

तात्पर्य: जे थांबवता येत नाही, त्याच्याशी भांडता भांडता आपल्या माणसांचा आवाज गमावू नये.