धाकट्याची धुरी

एका राज्यात ओव्याला वास नव्हता. शेतं पिकत, पोती भरत, पण चिमूटभर ओवा तळहातावर चोळून नाकाशी न्यावा, तर नुसती कोरडी माती. हसू नका. ज्या राज्यात तान्ह्या बाळाला न्हाऊ घातलं की विस्तवावर ओवा टाकून धुरी द्यायची आणि त्या धुरीनेच त्याची छाती मोकळी व्हायची, तिथे वास गेला म्हणजे काय गेलं, ते तिथल्या आयांना विचारा. थंडी आली की पाळणे रिकामे होत.

आणि हे झालं कोणामुळे? राणी कमलजेमुळे. आडपडदा कशाला ठेवू?

त्या राज्याची रीत अशी, की नव्या ओव्याची पहिली धुरी राज्यातल्या सर्वांत धाकट्या बाळाची. मग ते कुणाचं का असेना! एके वर्षी राणीचा मुलगा खोकत होता, आणि कोंडा कुंभारणीचं बाळही खोकत होतं, ते त्याच्याहून धाकटं. राणी म्हणाली, "कुंभाराचं पोर युवराजाच्या आधी? आणा तो ओवा इकडे." युवराज वाचला. कोंडाचं बाळ धुरीची वाट बघत गेलं. ज्याने हे बी राज्याला दिलं होतं, त्या धूम्रनाथ मांत्रिकाने डोंगरावर हात उचलला आणि साऱ्या ओव्यातला वास काढून घेतला.

पुढे राणीला मुलगी झाली. थंडी पडली आणि मुलीची छाती घरघरू लागली. राणीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात सज्जावर एक साळुंकी येऊन बसली.

"राणी, रडून काय होणार? मांत्रिकाकडे चल."

मोठी आगाऊ साळुंकी, पण बोलली ते खरं. राणी अनवाणी निघाली.

धूम्रनाथ म्हणाला, "वास माझ्यापाशी आहे. तीन गोष्टी आण. नागाच्या डोहाचं पाणी, जळत्या वडाचा विस्तव, आणि कोंडाच्या हातचं मडकं. तिने राजीखुशीने दिलेलं."

डोहावर नाग वेटोळं घालून होता. "पाणी कशाला हवं?"

"माझ्या प्रजेसाठी," राणी म्हणाली. पाणी हातभर खाली गेलं.

"माझ्या मुलीसाठी," ती म्हणाली. पाणी काठाला आलं. नागाने वाट दिली.

जळता वड म्हणाला, "विस्तव ओंजळीत नेशील, तरच नेशील." तिने ओंजळीतच डोंगरावर मांत्रिकापर्यंत नेला. फोड आले, चामडी सोलली. राणीच ती, घरी कधी चुलीशी बसली नव्हती. पण हात उघडला नाही तिने.

कोंडा चाकावर बसली होती, दिवस भरलेले. राणी दारात आली तरी तिने चाक थांबवलं नाही.

"कोंडा, एक मडकं दे."

"हुकूम आहे का, राणीसरकार?"

"नाही. मागते आहे."

"तेव्हा का नाही मागितलंत?"

राणीने हात पसरले, तेव्हा तळव्यांवरचे फोड कोंडाला दिसले. ते बघून कोंडाला बरं वाटलं, खोटं का सांगू? मग तिने एक भाजलेलं मडकं उचलून पुढे केलं.

"तुमच्याकडे बघून देत नाही. माझ्या पोटात आहे ना, त्याच्यासाठी देते."

मांत्रिकाने मडक्यात पाणी ओतलं, खाली विस्तव सारला, आणि डांबून ठेवलेला वास त्या पाण्यात सोडला. वाफ वर चढली, निवली, आणि झाकणाला आतून पांढरा खडा धरला. तांदळाच्या दाण्याएवढा. ओव्याचं फूल म्हणतात ते हेच.

"एका धुरीपुरतं आहे," तो म्हणाला. "सर्वांत धाकट्याला दे, वास घरोघरच्या ओव्यात परत जाईल. दुसऱ्या कुणाला दिलंस, तर ते एक बाळ वाचेल. वास मात्र पुन्हा यायचा नाही."

राणी हसली. सर्वांत धाकटी तिचीच तर लेक! फूल मुठीत घेऊन ती धावत सुटली.

कुंभारवाड्याच्या फाट्यावर साळुंकी खांद्यावर उतरली. "राणी, कोंडा बाळंत झाली. मुलगा आहे. श्वास घ्यायला धडपडतोय."

"गप्प बस."

"बसते. कुणाला सांगणारही नाही."

आणि मेली खरंच गप्प बसली. ओरडली असती, चोच मारली असती, तर राणीला निदान रागावता आलं असतं.

समोर राजवाड्याचा कळस दिसत होता. कोण विचारणार होतं? पोटच्या पोरीसाठी जीव तुटत होता, मूठ घट्ट आवळली होती, पाय त्या वाटेला लागलेही होते. तेवढ्यात गल्लीतल्या कोंडाच्या उघड्या दारातून आतली शेगडी दिसली. वास नाही हे ठाऊक असूनही कोंडाची सुईण ओवा चोळत होती आणि विस्तवावर टाकत होती. टाकायचा, वाट बघायची, पुन्हा टाकायचा. राणी थांबली. "पोरी, थोडा धीर धर गं," असं राजवाड्याकडे बघून म्हणाली, आणि वळली.

कोंडाच्या शेगडीत तिने फूल टाकलं. धूर उठला. बाळ शिंकलं आणि टाहो फोडून रडलं. सुईणीच्या मुठीतला ओवा घमघमला, मग शेजारच्या घरातला, मग अख्ख्या गल्लीतला.

कोंडाकडे न बघता राणी पळाली. वाटेत घरोघरी तोच वास. राजवाड्याच्या देवडीवरही तोच! दाईने धुरी केली बाई, वाचली माझी लेक, असं म्हणत ती हसत, रडत जिना चढली. दालन धुराने भरलं होतं. पाळण्याची दोरी दाईच्या हातात होती, पण ती ओढत नव्हती.

"वास आल्याबरोबर धुरी केली, राणीसरकार. पण तोवर..."

दाईने हातातली दोरी खाली ठेवली.

राज्य सुखी झालं. थंडी येते, मुलं खोकतात, धुरी होते, मुलं खेळायला लागतात. नव्या ओव्याची पहिली धुरी राणी स्वतः धाकट्या बाळाच्या दारी नेते. तिथे तिचे डोळे वाहतात. "धूर झोंबतो हो," असं ती सगळ्यांना सांगते, आणि लोकांना ते पटतं.

कोंडाने तिला माफ केलं नाही. पण दरवर्षी त्या दारी ती हजर असते, आणि राणी डोळे पुसू लागली, की बसायला पाट सरकवते. ओव्याच्या वासाची कहाणी ती एवढीच. शेगडी निवली, की उठा आणि आपापल्या पोरांना पांघरूण घाला.